आधी शेपूट बघा: बोका, रानमांजर की दीपडा?

भायली, सेवासी, बिल, कलाली. बडोद्याची ही बाजू बघता बघता शेतांतून सोसायट्यांत गेली. दहा मजल्यांची इमारत उभी राहिली तरी कंपाउंडच्या भिंतीपलीकडे अजून तुरीचं नाहीतर एरंडाचं शेत आहे, बांधावर गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, माजलेला आहे आणि मधून पावसाळी पाण्याची कांस, म्हणजे नाला, वाहते. उंदीर, घुशी, तितर, साप, बेडूक सगळे तिथेच आहेत. त्यांना खाणाराही तिथेच आहे. त्याच्या जायच्या-यायच्या वाटेवर आता पार्किंग आलंय, एवढंच.

रात्री भिंतीवरून काहीतरी मोठं, पिवळट, उंच पायांचं जनावर जातं. वॉचमन 'दीपडो!' म्हणून ओरडतो आणि सकाळपर्यंत नऊ सेकंदांचा व्हिडिओ चार सोसायट्या फिरून आलेला असतो. इथल्या मराठी घरांतही बिबट्याला दीपडाच म्हणतात, त्यामुळे निदान त्या शब्दावर वाद होत नाही. कोणी मात्र 'चित्ता' म्हणून पुढे पाठवतं. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं आणि सप्टेंबर २०२२मध्ये तो कुनोच्या जंगलात परत आणला गेला. गोत्रीच्या भिंतीवर तो चढलेला नाही. मग एखादे काका म्हणतात, 'अरे, बोका आहे नुसता.' काका बहुतेक वेळा बरोबर असतात. पण दर वेळी नाही, कारण या प्रश्नाला तिसरं उत्तरही आहे आणि तेच फार कमी लोकांना माहीत असतं: रानमांजर.

रानमांजर म्हणजे जुन्या मराठीतलं बाऊल, शास्त्रीय नाव फेलिस चाउस. नावात रान असलं तरी याला घनदाट जंगल लागत नाही, उलट फारसं आवडतही नाही. पाणथळ जागेतली लव्हाळी, उंच गवत, उसाचे फड, कापसाची शेतं, काटेरी झुडपं हे त्याचं घर. मही आणि नर्मदेमधला काळ्या जमिनीचा कानम प्रदेश, विश्वामित्रीच्या घळी, डभोईजवळचा वढवाणा तलाव, ही सगळी त्याला मानवणारीच जागा. ते दिवसाही फिरतं, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी. माणसाला त्याच्यापासून धोका नाही, शेतकऱ्याला तर उंदरांच्या हिशेबात फायदाच आहे. म्हणून 'दिसलं ते काय' याचं उत्तर चुकलं की पुढचं सगळं चुकतं: निरुपद्रवी प्राण्यामागे काठ्या घेऊन पळापळ होते, नाहीतर खऱ्या बिबट्याला 'बोका असेल' म्हणून पोरं बघायला जातात.

फरक करायला बसलं की लोक आधी आकार बघतात, मग रंग. हे दोन्ही शेवटी बघायचे. आधी शेपूट बघा.

घरच्या किंवा भटक्या मांजराचं शेपूट धडाच्या साधारण निम्मं असतं: डोकं आणि धड मिळून ४५ ते ५० सेंमी, शेपूट २५ ते ३० सेंमी. मांजर चालताना शेपूट खाली सोडलं तर टोक जवळजवळ पंजापर्यंत येतं. ओळखीच्या जागेत मांजर शेपूट उभं धरून चालतं, तेही लक्षात ठेवा. रानमांजराचं शेपूट बघताक्षणी तोकडं वाटतं, जणू लहान प्राण्याचं काढून मोठ्याला लावलंय. डोक्या-धडाच्या मानाने ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं आणि खाली सोडलं तर मागच्या पायाच्या त्या मागे वळलेल्या सांध्यापर्यंतच पोचतं, ज्याला आपण चुकून गुडघा म्हणतो. शेवटच्या भागात काही गडद कडी आणि टोक काळं. बिबट्याचं याच्या अगदी उलट. शेपूट लांबलचक आणि दोरखंडासारखं जाड, ६० सेंमीच्या वर सहज. चालताना ते खाली येतं आणि टोकाशी वर वळतं, आणि त्या वळलेल्या टोकाची आतली बाजू पांढरी असते. अंधाऱ्या व्हिडिओत ठिपके दिसले नाहीत तरी हे वळण दिसतं.

ही कसोटी कुठे नापास होते तेही सांगायला हवं. भटक्या बोक्यांची शेपटं बऱ्याचदा तुटलेली असतात: मारामारीत चावलेली, दारात सापडलेली, जन्मतःच वाकडी. तुटलेलं शेपूट टोकाला बोथट असतं, गाठ दिसते आणि कड्यांचा क्रम मध्येच संपतो. रानमांजराचं आखूड शेपूट मात्र पूर्ण असतं, काळ्या टोकासकट. थांबलेल्या फोटोत हा फरक कळतो, पळत्या व्हिडिओत कळत नाही. तेव्हा कानांकडे जायचं.

रानमांजराचे कान मोठे, उंच आणि डोक्यावर एकमेकांच्या जवळ उभे असतात. मागची बाजू तांबूस आणि टोकाला काळ्या केसांचा छोटा झुपका, फार तर दीड सेंमीचा. काहींमध्ये तो झिजलेला असतो, म्हणून झुपका नाही म्हणजे रानमांजर नाही असं समजू नका. काळं टोक मात्र असतंच. साध्या मांजराचे कान एकमेकांपासून जरा लांब असतात आणि कानामागचा रंग डोक्याच्याच रंगाचा असतो. बिबट्याचे कान आखूड, गोल, मागून काळे आणि त्यावर ठळक पांढरा ठिपका. एखाद्या कानाचं टोक सुरीने कापल्यासारखं सरळ सपाट दिसलं, तर शोध तिथेच थांबवा. नसबंदी केलेल्या भटक्या मांजराची ती खूण आहे.

हेच झुपके बघून रानमांजराला कॅराकल ठरवणारे उत्साही लोकही आहेत. कॅराकल हा वेगळा रानटी मार्जार, म्हणजे फारसीतला स्याहगोश, काळ्या कानांचा. मराठीत शशकर्ण, गुजरातीत हेणोतरो. त्याच्या कानांवरचे झुपके चार-साडेचार सेंमीचे, लांबून दिसतील असे; कान मागून काळे; अंग सरसकट विटकरी; शेपटावर कडी नाहीत. गुजरातेत त्याचं नाव कच्छशी जोडलेलं आहे आणि तिथेही तो अतिशय दुर्मीळ. बडोद्यात 'कॅराकल दिसला' म्हटलं की तो रानमांजरच असणार, असं मानून सुरुवात केलेली बरी.

आता पाय आणि अंगावरची नक्षी. पूर्ण वाढलेल्या रानमांजराच्या अंगावर पट्टे नसतात. रंग वाळूसारखा, राखट-पिवळा किंवा तांबूस, एकसारखा. पायांवर, विशेषतः पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, पुसट आडवे पट्टे. तोंडाभोवती आणि डोळ्यांच्या वर-खाली पांढरट रेघा, त्यामुळे चेहरा जरा आश्चर्याने बघितल्यासारखा वाटतो. पाय लांब. उभं राहिलं की पोटाखाली रिकामी जागा दिसते, बोक्याच्या पोटाखाली दिसते त्याहून बरीच जास्त.

पट्टेरी मांजराशी रानमांजराचा घोटाळा होत नाही. कपाळावर इंग्रजी एम, गालांवर रेघा, कुशीवर पट्टे असले की ते पाळीव रक्ताचं. घोटाळा करतं ते आपल्याकडे गल्लीबोळांत सर्रास दिसणारं एक वेगळं मांजर: अंगावर पट्टे नाहीत, प्रत्येक केसावर फिकट-गडद असे आडवे टप्पे, त्यामुळे लांबून सगळं अंग एकसारखं वाळूच्या रंगाचं, आणि पट्टे उरलेत ते फक्त पायांवर आणि शेपटावर. ॲबिसिनियन या पाळीव जातीचे केस याच प्रकारचे. फोटोत फक्त धड आणि पाय आले तर जाणकारही अडखळतो. अशा वेळी चेहरा आणि शेपूट बघितल्याशिवाय बोलू नये. कपाळावरचं एम या मांजरांत टिकून असतं, शेपूट लांब असतं आणि निमुळतं होत जातं.

उलट दिशेने एक सोपी गोष्ट: अंगावर पांढरा डाग, पांढरे मोजे, छातीवर पांढरा चट्टा, तांबडं-काळं-पांढरं कबरं अंग, लांब केस, यांपैकी काहीही असेल तर ते माणसाच्या घरातून आलेलं रक्त आहे, मग आज ते कितीही रानटी वागो. पूर्ण काळा प्राणी दिसला तर तो जवळजवळ नेहमीच काळा बोका असतो. काळी रानमांजरं भारतात नोंदलेली आहेत, पण तिथेही तोकडं शेपूट आणि लांब पाय तेच.

अलकापुरीसारख्या भागात आणखी एक शक्यता धरून चला. महागड्या जातींची मांजरं घरातून निसटतात. मेन कून ही मोठी जात, बोका सात-आठ किलोचा होऊ शकतो, आणि त्याच्या कानांवरही झुपके असतात. पण केस लांब आणि शेपूट झुबकेदार, म्हणून प्रश्न मिटतो. बंगाल जातीचं मांजर जास्त फसवतं: बिबट-मांजर (बिबट्या नव्हे, मांजराएवढं ठिपकेवालं रानटी मार्जार) आणि पाळीव मांजर यांच्या संकरातून तयार केलेली जात, अंगावर बिबट्यासारख्या ठिपक्यांची फुलं. वजन मात्र साधारण मांजराएवढंच. 'बिबट्याचं पिल्लू बाल्कनीत' अशी बातमी आली तर आधी शेजारी कोणाचं मांजर हरवलंय का, ते विचारा.

आणि तो साधा बोका? नसबंदी न झालेला, तीन-चार वर्षांचा, गल्लीचा दादा. मांजराचं वजन तीन ते पाच किलो असतं, असा बोका सहा-सातपर्यंत जातो. त्याचे गाल सुजल्यासारखे रुंद होतात, मानेची कातडी जाड होते. हा सगळा नर संप्रेरकांचा परिणाम. दुसऱ्या बोक्याचे दात मानेत खोल जाऊ नयेत म्हणून ही कातडी उपयोगी पडते. डोकं मोठं दिसतं, कान त्या मानाने बारीक आणि फाटलेले, नाकावर जुने ओरखडे. रागात अंगावरचे केस उभे राहिले की तोच दीडपट वाटतो. लोक ज्याला 'वाघासारखं तोंड' म्हणतात ते हेच. गंमत म्हणजे मोठ्या गालांचं रुंद तोंड ही पाळीव बोक्याची खूण आहे. रानमांजराचा चेहरा त्यापेक्षा लांबट आणि बारीक असतो. भारतातली रानमांजरं वजनाने बोक्यापेक्षा फार जड नसतात, बरीच चार ते सहा किलोंत असतात. त्यांचा मोठेपणा उंचीत आणि लांबीत असतो.

आता आकाराकडे येऊ, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. अंधारात डोळ्याने मापलेल्या आकाराला काही अर्थ नसतो. शेजारी मापायला वस्तू नसते, भीती असते, आणि भिंतीवर चाललेला प्राणी खालून बघितला की उंच दिसतो. पण जागा तीच राहते, आणि सोसायटीत सगळीकडे मिळणारी मोजपट्टी म्हणजे उभी मोटारसायकल. साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचं चाक टायरसकट साधारण ६० सेंमी उंच असतं, म्हणजे चाकाचा मधला आस जमिनीपासून ३० सेंमीवर. घरच्या मांजराचा खांदा २३ ते २५ सेंमीवर, आसाच्या खाली. रानमांजराचा ३५ सेंमीच्या आसपास, आसाच्या थोडा वर. बिबट्याचा खांदा टायरच्या वरच्या कडेपर्यंत किंवा त्याहूनही वर. प्राणी गाडीजवळून गेला असेल तर एवढ्यावरच निकाल लागतो. स्कूटरचं चाक लहान असतं, ते वापरू नका. गेटच्या सळयाही कामाच्या: दहा सेंमीच्या फटीतून प्राणी आरपार गेला असेल तर मोठ्या बिबट्याचा विषय संपला.

गाडी किंवा गेट नसेल तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी जा. प्राण्याचे पाय जिथे टेकले होते नेमक्या तिथे एक मीटरची पट्टी किंवा दांडा उभा करा आणि त्याच कॅमेऱ्यातून, त्याच झूमवर चित्र घ्या. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की उंची कळते. इथे चूक होते ती अशी: पट्टी अर्धा मीटर पुढे-मागे ठेवली जाते. कॅमेरा जवळ असेल तर तेवढ्यानेही उंची चांगलीच बदलते, आणि रुंद कोनाच्या भिंगात कॅमेऱ्याजवळची वस्तू भलतीच फुगते. सीसीटीव्ही बहुधा याच भिंगाचे असतात आणि तीन मीटर उंचीवरून खाली बघतात, त्यामुळे पाय आखूड आणि पाठ लांब दिसते.

रात्रीच्या सीसीटीव्हीबद्दल आणखी एक. रात्री तो इन्फ्रारेड उजेडात बघतो. त्या उजेडात तांबडं मांजर पांढरं दिसतं, काळं मांजर करडं दिसतं आणि पट्टेरी मांजराचे पट्टे विरतात. म्हणजे साधा पट्टेरी बोका एकरंगी होऊन रानमांजरासारखा दिसू लागतो. रात्रीच्या चित्रावरून रंगाबद्दल एक शब्द बोलू नये. डोळे चमकले यालाही किंमत नाही. मांजर, कुत्रा, कोल्हा, गाय, सगळ्यांचे चमकतात. दिवसाचा जवळचा फोटो असेल तर बाहुली मात्र बघा: उन्हात मांजराची आणि रानमांजराची बाहुली उभ्या फटीसारखी होते, बिबट्याची गोलच राहते.

ठसे मिळाले तर त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवायला हरकत नाही, पण कसे मोजायचे ते आधी समजून घ्या. कांसेच्या काठचा ओला चिखल, बांधकामाच्या वाळूचा ढीग, शेताची भिजवलेली सरी, इथे ठसे सापडतात. मार्जारकुळातल्या प्राण्याच्या ठशात चार बोटं दिसतात, नखं दिसत नाहीत, आणि तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन पाळ्या असतात. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात आणि गादी मागून दोन पाळ्यांची वाटते. पाच बोटं असतील तर मांजर नाहीच. मुंगूस किंवा उदमांजर बघा. मग रुंदी: घरचं मांजर अडीच ते साडेतीन सेंमी, रानमांजर पाचाच्या आसपास, बिबट्या सात ते नऊ. मोजताना ठशाच्या तळाची रुंदी घ्यायची, वरच्या कडांची नाही. मऊ चिखलात पाय रुततो तेव्हा कडा बाहेर पसरतात, आणि ऊन लागून चिखल वाळला की ठसा आणखी ताणला जातो. बोक्याचा ठसा असा 'रानमांजर' होतो आणि मोठ्या कुत्र्याचा 'दीपडो'. एका ठशावर थांबू नका, सलग चार-पाच शोधा. फोटो घेताना ठशाशेजारी पट्टी ठेवून बरोबर वरून घ्या. पट्टी नसेल तर रुपयाचं नाणं चालेल.

मांजर नसलेली पण मांजर म्हणून खपणारी दोन जनावरं लवकर सांगून टाकतो. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीकडच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर रात्री धावणारं, काळसर, लांबट तोंडाचं, अंगाएवढंच लांब शेपूट असलेलं ते उदमांजर, म्हणजेच कांडेचोर. गुजरातीत वणियर. नावात मांजर असलं तरी त्याचं कूळ वेगळं. दुसरं जवादी मांजर: जमिनीवर फिरणारं, अंगावर ठिपक्यांच्या ओळी, पूर्ण शेपटावर काळी-पांढरी कडी. दोघांचंही तोंड मुंगसासारखं पुढे आलेलं असतं. मांजराचं तोंड बाजूने बघितलं तर चपटं असतं.

आणि वाघाटी. आषाढी द्वादशीला उपास सोडताना खातात ती भाजी नव्हे, तर जगातलं सगळ्यात लहान रानटी मार्जार. पूर्ण वाढलेली वाघाटी एक ते दीड किलोची, म्हणजे घरच्या मांजराच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. राखट अंगावर गंजाच्या रंगाच्या ठिपक्यांच्या ओळी, कपाळावरून मागे जाणाऱ्या चार रेघा. गुजरातेत ती गीर आणि डांगच्या जंगलांतून माहीत आहे. हिचा उल्लेख इथे केला तो पिल्लांसाठी: ठिपकेवालं छोटं जनावर सापडलं की लोक बिबट्याचं पिल्लू म्हणतात, आणि ते कधी पूर्ण वाढलेली वाघाटी असते, कधी रानमांजराचं पिल्लू.

पिल्लांचा विषय जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. रानमांजराची मादी गाभण राहिल्यावर दोन महिन्यांपेक्षा थोड्या जास्त दिवसांनी विते, बहुधा दोन ते चार पिल्लं. ती उसाच्या फडात, कापसाच्या ओळीत, गवताच्या दाट गादीत ठेवते आणि शिकारीला जाते. तोडणी किंवा वेचणी करताना मजुरांना ती एकटी सापडतात, आणि 'आईने टाकली' असा समज होतो. टाकलेली नसतात. आई माणसांची वर्दळ थांबायची वाट बघत असते. गोंधळात भर म्हणजे रानमांजराच्या पिल्लांच्या अंगावर पट्टे आणि ठिपके असतात, मोठेपणी ते जातात. म्हणून 'अंगावर पट्टे नाहीत' ही वर सांगितलेली खूण पिल्लांना लावायची नाही. त्यांच्यात बघायचं ते कानाचं काळं टोक आणि तोकडं शेपूट. तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर तेही नीट कळत नाही. अशा वेळी ते कुठे सापडलं ही खूण जास्त खरी. गोदामात, जिन्याखाली, गाडीच्या बॉनेटमध्ये सापडलं तर मांजराचं. शेताच्या मध्यात, वस्तीपासून लांब सापडलं तर रानमांजराचं समजून वागा.

बिबट्याचं पिल्लू वेगळं कळतं: जाडजूड पंजे, मोठं डोकं, जाड शेपूट, धुरकट अंगावर दाट काळे ठिपके, कानामागे काळ्यावर पांढरा ठिपका. असं पिल्लू दिसलं तर फोटो काढायलाही थांबू नका. माणसं मागे घ्या आणि वन खात्याला कळवा. आई आसपास असते.

रानमांजराची पिल्लं असतील तर कामाच्या क्रमाने असं: त्या पट्ट्यातली तोडणी थांबवा, कुत्री बांधा. पिल्लं जागेवरच ठेवता आली तर उत्तम. हलवणं भागच असेल तर जाड कापडाने उचला आणि भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये वाळक्या पाल्यावर ठेवा. क्रेटला झाकण नको, कडा बुटक्या, म्हणजे आई आत येऊन पिल्लू मानेला धरून नेऊ शकेल. क्रेट सापडलेल्या जागेपासून काही पावलांवर, सावलीत. मग सगळ्यांनी किमान शंभर मीटर लांब जायचं आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत तिकडे फिरकायचं नाही, बॅटरीही मारायची नाही. आई एकेक पिल्लू नेते, मध्ये तास-तास जातो. अर्धी पिल्लं गेलेली बघून उरलेली 'वाचवायला' उचलणं ही नेहमीची चूक. महाराष्ट्रात जुन्नर भागात उसातून सापडलेली बिबट्याची पिल्लं वन खाते याच पद्धतीने आईला परत देतं. गाईचं दूध पाजू नका. मांजराच्या पिल्लांना ते पचत नाही, जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवात पाणी कमी व्हायला वेळ लागत नाही. थंडी असेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, पुरे.

ते पिल्लू घरी नेऊन पाळायचा मोह होतो, पहिले दोन महिने ते मांजरासारखंच वागतं. नंतर वागत नाही. आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते पकडणं आणि ठेवणं गुन्हा आहे. पाळीव मांजर आणि रानमांजर यांचा संकर होऊ शकतो, चौसी नावाची जात त्यातूनच निघाली. शेताच्या कडेच्या वस्त्यांत नसबंदी न केलेली मांजरं मोकळी सोडू नयेत याचं एक कारण हेही. अर्धी लक्षणं याची, अर्धी त्याची, असा प्राणी दिसला तर फोटोवरून निकाल देऊ नका.

मोठा प्राणी खरंच बिबट्या असण्याची शक्यता शून्य नाही. राज्याच्या २०२३च्या मोजणीत गुजरातेत २,२७४ बिबटे नोंदले गेले, आणि जांबुघोडा अभयारण्य, पावागड ही त्यांची घरं बडोद्यापासून लांब नाहीत. तेव्हा लांब वळलेलं शेपूट, चाकाएवढा खांदा किंवा सात सेंमीच्या वरचा ठसा, यांतलं एक जरी पक्कं दिसलं तरी वन खात्याला फोन करा. वेळ, जागा, प्राणी कुठल्या दिशेने गेला, आणि व्हिडिओ पूर्ण पाठवा, चेहऱ्यापुरता कापून नाही. जखमी मांजर किंवा रानमांजर असेल तर १९६२ या फोन नंबरवर जनावरांसाठीची करुणा ॲम्ब्युलन्स सेवा आहे.

कोणीही ओरबाडलं किंवा चावलं, बोका असो की रानमांजर, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. जखमेला हळद, तिखट, चुना काही लावू नका, टाकेही घाईने घालून घेऊ नका. रानटी प्राण्याचा चावा डॉक्टर तिसऱ्या वर्गात धरतात, त्यात लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं. म्हणून दवाखान्यात 'मांजर चावलं' एवढंच न सांगता शेपूट कसं होतं तेही सांगा. आणि खात्री नसेल तर रानटीच होतं असं सांगा.